वाचनाची सवय आणि तिचा सांभाळ

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘माझे वाचन आणि माझी आवडती पुस्तके’ या विषयावर लिहावे, असे सुचविले. विषय वरवर पाहता सोपा आहे. दहा-पंधरा पुस्तकांची नावे द्यावीत, प्रत्येकाविषयी दोन चांगले शब्द लिहावेत आणि विद्यार्थ्यांना वाचनाचा उपदेश करून थांबावे, असे त्याचे ठरलेले रूप आहे. परंतु निवासी शाळेत अनेक वर्षे मराठी शिकविल्यानंतर, आणि तेवढीच वर्षे ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली खिशात बाळगल्यानंतर, मला वेगळाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. वसतिगृहात मुलाला वाचनाची सवय लागते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. शाळा सुटल्यावर त्या सवयीचे काय होते? हा लेख त्या प्रश्नाभोवती आहे. माझ्या आवडीनिवडी त्यात ओघाने येतील.

आपल्याकडे येणारी मुले कोठून येतात, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. पुसद, दिग्रस, महागाव, उमरखेड या भागांतील खेडी, तांडे आणि पोड हे त्यांचे जग. कुणाच्या घरी वऱ्हाडी बोलली जाते, कुणाच्या घरी गोरमाटी, कुणाच्या घरी कोलामी. पाठ्यपुस्तकातील मराठी ही या मुलांची घरची भाषा नव्हे. घरी ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ म्हणणारे मूल वर्गात ‘मला’, ‘तुला’, ‘का’ असे लिहिते, तेव्हा ते मनातल्या मनात एक भाषांतर करीत असते. तांड्यावरचे मूल तर आईला ‘याडी’ म्हणते आणि पुस्तकात ‘आई’ वाचते. अशा मुलाला वाचनाचा कंटाळा येतो, असे आपण फार लवकर म्हणून मोकळे होतो. वस्तुतः त्याला दुप्पट काम करावे लागते. म्हणूनच ज्या पुस्तकात त्याच्या घरचा आवाज ऐकू येतो, असे पुस्तक त्याच्या हाती वेळेवर पडणे अगत्याचे असते. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही १९६० साली आलेली कादंबरी मी नववी-दहावीच्या मुलांना याच कारणासाठी देत असे. तिच्यातील कौतिक ही कष्टकरी आई ज्या बोलीत बोलते, ती बोली मुलांनी घरीच ऐकलेली असते. एका मुलाने ती चाळून विचारले, ‘‘सर, असं बोललेलं पुस्तकात चालते?’’ त्या प्रश्नात आनंद होता आणि थोडा अविश्वासही होता. बंजारा मुलांसाठी आत्माराम राठोड यांचे ‘तांडा’ हे आत्मकथन हेच काम करते.

वाचनाच्या सवयीचा विचार करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण आपण नेहमी देतो. मात्र ते देताना आपण बहुधा त्यांच्या ग्रंथसंग्रहाच्या आकड्यापाशी थांबतो. राजगृहातील हजारो ग्रंथांचे वर्णन ऐकून मुलाच्या मनात आदर निर्माण होतो, सवय निर्माण होत नाही. मला त्या उदाहरणातील अगदी आरंभीचा भाग अधिक उपयोगाचा वाटतो. परळच्या चाळीतील एक लहानशी खोली, तिच्यात सारा संसार आणि पहाटे दोनच्या सुमारास मुलाला अभ्यासासाठी उठविणारे सुभेदार रामजी. मुलाला एखादे पुस्तक हवे असले आणि हातात पैसे नसले, तर रामजी आपल्या विवाहित मुलीकडे जात. तिच्याजवळ रोकड नसली, तर दागिना मागून घेत, तो गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन हाती आले की सोडवून परत देत. चरित्रकार धनंजय कीर यांनी ही हकीकत नोंदविली आहे. या प्रसंगात पुस्तक वाचणारा एक आहे, पण ते पुस्तक घरात यावे म्हणून झटणारे तिघे आहेत. ज्या बहिणीने दागिना काढून दिला, तिने ते पुस्तक कधी उघडलेही नसेल.

पुढे न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके जमविली, असे कीर सांगतात. १९१७ साली मायदेशी परतताना निराळ्या जहाजाने पाठविलेले त्यांचे सामान महायुद्धाच्या धामधुमीत पाणतीराने बुडाले आणि त्यासोबत पुस्तकेही गेली. त्यानंतर त्यांनी पुन्हा संग्रह केला. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दार उघडताच जाऊन दार बंद होईपर्यंत बसण्याचा त्यांचा परिपाठ सर्वांना ठाऊक आहे. तो ग्रंथसंग्रह पुढे फार मोठ्या प्रमाणावर सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे गेला, याकडेही लक्ष द्यावे. स्वतःसाठी जमविलेले पुस्तक अखेर विद्यार्थ्यांच्या हाती जावे, ही व्यवस्था त्यात आहे.

येथे अभ्यासाच्या दृष्टीने एक छोटी गोष्ट सांगतो. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी तरुण भीमरावांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले, हे आपल्याकडे प्रत्येक भाषणात येते. हा प्रसंग १९०७ साली, मॅट्रिक उत्तीर्ण झाल्याच्या सत्काराचा, असे कीरांच्या चरित्रात आणि त्यावरून इतरत्र लिहिलेले आढळते. पण ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली स्वतः लिहिलेल्या प्रस्तावनेत हा सत्कार इंग्रजी चौथीची परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दलचा असल्याचे म्हटले आहे. १९५७ साली ग्रंथ निघाला तेव्हा ती प्रस्तावना त्यात छापली गेली नव्हती. ती नंतर उजेडात आली. दोन्हींपैकी खरे कोणते, हा वाद मी येथे घालत नाही. दहावीच्या एका तुकडीपुढे मी दोन्ही उतारे ठेवले आणि ‘दोन पुस्तके दोन गोष्टी सांगत असतील तर काय करावे?’ एवढेच विचारले. त्या तासाला जेवढी चर्चा झाली, तेवढी वर्षभरात कोणत्याही धड्यावर झाली नाही. छापलेल्या अक्षरालाही प्रश्न विचारता येतो, हे मुलांना प्रथमच कळत होते.

वाचन ही एकट्याने, गप्प बसून करावयाची गोष्ट आहे, अशी आपली आजची समजूत आहे. आपल्या समाजाच्या इतिहासात ती तशी नव्हती. नागपूरकडे किसन फागूजी बनसोडे यांनी ‘मजूर पत्रिका’, ‘चोखामेळा’ यांसारखी पत्रे चालविली. ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत ‘मूकनायक’ निघाले आणि त्यासाठी छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ निघाले. ज्या समाजासाठी ही पत्रे होती, त्यात अक्षर ओळखणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी होती. तरीही पत्रांतील विचार वस्त्यांपर्यंत पोहोचले, ते मोठ्याने वाचून. वस्तीत एखादा शिकलेला पोरगा असे. तो दिव्यापाशी बसून अंक वाची आणि बाकीचे ऐकत. अंकाचा वर्गणीदार एक, वाचणारा एक आणि ‘वाचक’ मात्र पन्नास, असा तो हिशेब होता. वर्गणीदारांच्या यादीवरून एखाद्या पत्राचा प्रभाव मोजणाऱ्या अभ्यासकांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा, असे मला वाटते.

आता ज्या वाचकाविषयी मला सर्वांत अधिक आदर आहे, त्यांच्याकडे वळतो. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ हे आत्मकथन १९८६ साली पुस्तकरूपाने आले. तत्पूर्वी ते ‘स्त्री’ मासिकातून प्रसिद्ध झाले होते. बेबीताई फलटणच्या. शिक्षण जेमतेम. लहान वयात लग्न झाले, मुलेबाळे झाली आणि पोट भरण्यासाठी त्यांनी किराणा मालाचे छोटे दुकान चालविले. पुडे बांधण्यासाठी रद्दी विकत आणावी लागे. गिऱ्हाईक नसताना बेबीताई ती रद्दी वाचीत. साखरेच्या किंवा डाळीच्या पुड्याला जाणारा कागद आधी त्यांच्या डोळ्यांखालून जाई. हेच त्यांचे वाचनालय होते. त्यातून लिहिण्याची ऊर्मी आली, तेव्हा ते लेखन त्यांनी कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. बाईने लिहिणे घरात कुणाला रुचणारे नव्हते. फलटणला राहून काम करणाऱ्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते बाहेर आले आणि मराठीतील दलित स्त्रीच्या आरंभीच्या आत्मकथनांपैकी एक म्हणून आज ते देशोदेशी वाचले जाते.

या हकीकतीत आपल्या स्मरणिकेच्या दृष्टीने आणखी एक दुवा आहे. याच बेबीताईंनी फलटणजवळील निंबुरे येथे मागास समाजांतील मुलांसाठी निवासी आश्रमशाळा चालविली. रद्दीवर वाचन केलेल्या बाईने मुलांसाठी शाळा उभारली. २०१२ साली त्यांचे निधन झाले. माझ्या विद्यार्थिनींपैकी कुणी ‘सर, घरी वाचायला काहीच नसते’ अशी तक्रार केली, की मी बेबीताईंचे नाव घेत असे. आता घेताना जरा जपून घेतो. कारण त्या मुलीची तक्रार खरी असते. रद्दी वाचून बेबीताई मोठ्या झाल्या म्हणून आपण मुलींना रद्दीच द्यावी, असा त्याचा अर्थ कोणी काढू नये.

माझ्या आवडीची पुस्तके सांगायची तर यादी लांबेल, म्हणून ज्यांनी वर्गात प्रत्यक्ष काम केले त्यांपैकी थोड्यांचाच उल्लेख करतो. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले आणि पुढल्याच वर्षी प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’. पहिल्याचा दबदबा अधिक आहे आणि तो योग्यही आहे. पण वसतिगृहातील मुलाला मी दुसरे आधी देतो. आईबाप नसलेल्या मुलाने उपाशीपोटी केलेले शिक्षण हा त्याचा विषय आहे. तो सांगताना लेखक रडत नाही आणि रागावतही नाही. बाराव्या-तेराव्या वर्षीच्या मुलाला हा स्वर पचतो. ‘बलुतं’साठी थोडे वय यावे लागते.

दुसरे पुस्तक वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’. १९८१ पासून हे पुस्तक मराठी घराघरांत आहे आणि त्याची कारणे अनेकांनी सांगितली आहेत. आपल्या भागासाठी त्यात एक खास कारण आहे, ते मात्र क्वचितच सांगितले जाते. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर गुलामगिरीत जन्मले आणि १८९६ साली अलाबामातील टस्कीगी येथील संस्थेत कृषिशास्त्राचे अध्यापक म्हणून गेले. तेथील जमीन वर्षानुवर्षे केवळ कापूस घेऊन कस गमावून बसली होती. शेतकरी कर्जात होते. कार्व्हरांनी त्यांना कापसाबरोबर भुईमूग, रताळी, चवळी यांची फेरपालट करायला शिकविले. शेंगवर्गीय पिकाच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात, हे त्यामागचे शास्त्र. जे शेतकरी शाळेत येऊ शकत नव्हते, त्यांच्यासाठी १९०६ पासून घोड्यांनी ओढलेली एक गाडीच शाळा म्हणून गावोगाव फिरू लागली. आता हे सारे पुसदच्या काळ्या मातीत, पऱ्हाटीच्या वावरात वाढलेल्या मुलाने वाचले, तर त्याला ते अमेरिकेचे वाटत नाही. दिवाळीच्या सुटीवरून परतलेल्या आठवीच्या एका मुलाने मला सांगितले, की त्याने बापाबरोबर वावरात जाऊन तुरीचे रोप उपटून मुळांवरच्या गाठी पाहिल्या. बापाने विचारले, हे तुला कोणी सांगितले? मुलगा म्हणाला, कार्व्हरनं. पुस्तकाने घरापर्यंत जाणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी दिसले. पुस्तके वाचून मुले शेतीपासून तुटतात, ही तक्रार मी पालकसभेत ऐकलेली आहे, म्हणून हा प्रसंग मुद्दाम लिहिला.

मासिकांविषयी थोडक्यात. ‘चांदोबा’ आता निघत नाही आणि माझ्या पिढीला त्याची चुटपुट आहे, परंतु केवळ हळहळ करीत बसण्यात अर्थ नाही. पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ १९७१ च्या नोव्हेंबरपासून निघते आहे, किमतीने आजही परवडते आणि त्याचे जुने अंक मंडळाने संगणकावर विनामूल्य उपलब्ध केले आहेत. ज्या पालकांच्या हाती स्मार्टफोन आहे, त्यांच्या हाती मुलांच्या वाचनाची अनेक वर्षांची शिदोरी आहे, हे कितीजणांना माहीत आहे? साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेले ‘साधना’ साप्ताहिक दिवाळीत बालकुमारांसाठी स्वतंत्र अंक काढते. तो अंक शाळेने एकदम घ्यावा. मोठ्यांसाठी, आणि विशेषतः लिहू पाहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी, डॉ. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून चालविलेल्या ‘अस्मितादर्श’चे जुने अंक कोठे मिळाले तर सोडू नयेत. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पन्नास वर्षांच्या आसपास एका माणसाने हे नियतकालिक जिवंत ठेवले आणि दूरदूरच्या गावांतील नवख्या लेखकांचे पहिले लेखन छापले.

अलीकडे विद्यार्थी पॉडकास्ट ऐकतात आणि शिक्षक त्याला वाचन मानावयास तयार नसतात. मी या वादात विद्यार्थ्यांच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. आपली परंपरा मूळची ऐकण्याची आहे. पाली साहित्यात विद्वानाला ‘बहुश्रुत’, म्हणजे पुष्कळ ऐकलेला, असे म्हणतात. बुद्धवचन कित्येक शतके भाणकांनी मुखोद्गत करून सांभाळले. दीघनिकाय पाठ करणारे निराळे आणि मज्झिमनिकाय पाठ करणारे निराळे होते. ते सिंहलद्वीपात इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहून काढले गेले. तेव्हा कानाने घेतलेले ज्ञान हलके, असे आपण म्हणू शकत नाही. बीबीसी मराठीचा ‘गोष्ट दुनियेची’ हा पॉडकास्ट मी स्वतः ऐकतो. जगातील एखादी घडामोड शांतपणे, आरडाओरडा न करता त्यात उलगडली जाते. ‘अमुक तमुक’सारख्या कार्यक्रमांत तज्ज्ञांशी केलेल्या गप्पा असतात. मुलांना त्या आवडतात, कारण आपल्याशीच कोणी बोलत आहे असे त्यांना वाटते. डॉ. आंबेडकरांनी १९५५ साली बीबीसीला दिलेली मुलाखतही आज ऐकता येते. ती इंग्रजीत आहे. पूर्ण समजली नाही तरी दहावीच्या मुलांना एकदा ऐकवावी. फोटोतील माणसाला आवाज असतो, हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यांवर काय उमटते, ते शिक्षकांनी स्वतः पाहावे.

अट अशी की, ऐकलेले तपासले पाहिजे. भाणक ऐकत, पाठ करीत आणि संघात एकत्र बसून पडताळत. आपण कानांत यंत्र घालून ऐकतो आणि पुढचे लावतो. अंगुत्तर निकायातील कालाम सुत्तात केसपुत्त गावच्या लोकांनी बुद्धांना विचारले, की वेगवेगळे उपदेशक येऊन वेगवेगळे सांगतात, आम्ही कुणाचे खरे मानावे? ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही मान्य करू नये, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. व्हॉट्सॲपवर दिवसभर फिरणाऱ्या ‘इतिहासा’साठी याहून नेमके मार्गदर्शन मला सापडलेले नाही. मी मुलांना एक साधी शिस्त लावली होती. आठवड्यात जे ऐकले, त्यातील एक विधान वहीत लिहावे आणि ते ग्रंथालयातील कोणत्या पुस्तकात सापडते, ते पृष्ठक्रमांकासह समोर लिहावे. सापडले नाही तर ती जागा कोरी ठेवावी. अशा वह्यांतील कोऱ्या जागा फार बोलक्या असत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. शाळा सुटल्यावर सवयीचे काय होते? माजी विद्यार्थी भेटतात तेव्हा मी हमखास विचारतो, ‘‘सध्या काय वाचतोस?’’ बहुतेकांचे उत्तर परीक्षेचे नाव असते. कुणी राज्यसेवा म्हणतो, कुणी पोलीसभरती, कुणी तलाठी. पुण्याला पेठांमधून खोली घेऊन आमची मुले राहतात आणि दिवसाचे बारा तास अभ्यासिकेत बसतात. पुष्कळ ठिकाणी सार्वजनिक ग्रंथालयांतही आता हेच दृश्य आहे. टेबले भरलेली असतात आणि कपाटांवर धूळ असते. जागा ग्रंथालयाची, पुस्तके मुलांनी बरोबर आणलेली. मी स्पर्धा परीक्षांना नावे ठेवणार नाही. ज्याच्या घरी कोरडवाहू तीन एकर आणि डोक्यावर कर्ज आहे, त्याला नोकरीचे स्वप्न पाहू नकोस असे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण पाच-सहा वर्षे केवळ पर्याय निवडण्यासाठी वाचलेल्या मुलाचे डोळे पानावरून निराळ्या पद्धतीने फिरू लागतात. तो वाक्यातील सनावळी उचलतो आणि वाक्य टाकून देतो. निवड झाली नाही, तर पुस्तक या वस्तूविषयीच त्याच्या मनात कटुता येते. असे दोन-तीन विद्यार्थी मी पाहिले आहेत आणि ते वर्गातील उत्तम वाचक होते. त्यांच्यापैकी एक आता पुसदलाच दुकान चालवितो. मध्यंतरी त्याला मी ‘धग’ची प्रत दिली. ती त्याने गल्ल्याशेजारी ठेवली आहे. वाचली का, असे मी विचारलेले नाही.

माजी विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की शाळेला देणगी म्हणून पुस्तके पाठविताना स्वतः वाचलेली प्रत पाठवावी. कोऱ्या पुस्तकांचे गठ्ठे येतात आणि कपाटात जातात. ज्या प्रतीत पेन्सिलीच्या खुणा आहेत, जिच्या पहिल्या पानावर ‘हे मी नववीत वाचले’ असे लिहिले आहे, ती मुले आधी उचलतात. हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. देवघेवीच्या नोंदवहीत तो पाहता येईल.

आणि पालकांसाठी. ज्यांना वाचता येत नाही, अशा आईवडिलांची संख्या आपल्याकडे आजही थोडी नाही. ‘‘आम्हाले काय समजते सर, तुमीच पाहा’’ असे ते म्हणतात. उन्हाळ्याच्या सुटीत मूल घरी आले, की रात्री जेवणे झाल्यावर त्याला दहा मिनिटे मोठ्याने वाचायला सांगावे. कोणतेही पुस्तक चालेल, ‘किशोर’ चालेल, जुने वर्तमानपत्र चालेल. आईने भाकरीची परात घासता घासता ऐकावे. मूल अडखळले तर रागावू नये, घाई करू नये. दहा मिनिटे झाली की त्याला थांबवावे आणि एवढेच विचारावे, ‘‘मंग पुढं काय झालं?’’